काकीच्या नावापुढचा शेरा

काकी गेल्याचं मला नाक्यावरच्या एका फ्लेक्सनं सांगितलं. अलिबागहून पेणकडे जाणाऱ्या एसटीत मी खिडकीपाशी बसले होते. एका फाट्यावर गाडी थांबली, तेव्हा सवयीनं नजर बाहेरच्या फलकांवर गेली. आमच्या भागात नाक्यावर वाढदिवस आणि मयत शेजारी शेजारी टांगलेले असतात. एकीकडे गॉगल लावलेले चार भावी सरपंच, दुसरीकडे फुलांच्या चौकटीत कुणीतरी म्हातारं माणूस. त्या दिवशी त्या चौकटीत काकी होती. जांभळी साडी, ओठ घट्ट मिटलेले, लेकीच्या लग्नाच्या फोटोतून कापून घेतलेला चेहरा. कापताना खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात तसाच राहून गेलेला. खाली दशक्रियेची तारीख होती आणि ती उलटून दोन दिवस झाले होते. मी तो मजकूर पुन्हा वाचायला लागले तोवर गाडी सुटली. कंडक्टरला ओरडून गाडी थांबवावी असं मनात आलं... पण थांबवून सांगणार काय? पुढच्या थांब्यावर उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिले. माझ्या वहीप्रमाणे काकी त्या दिवशी ठणठणीत होती.

मी जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात, एचआयव्हीच्या उपचार केंद्रात समुपदेशक आहे. काकी आमच्याकडे आधी रुग्ण म्हणून आली, मग कार्यकर्ती झाली, आणि कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येणार नाही, माझी मैत्रीण झाली. तिचं नाव आणि गाव मी लिहिणार नाही. तिच्या मुलीची तेवढी एकच अट आहे. एखाद्याच्या आठवणी लिहायच्या आणि नाव लिहायचं नाही, हे विचित्र आहे याची मला कल्पना आहे. पण फ्लेक्सवर तिचं नाव हातभर अक्षरांत होतं आणि ती कोण होती याचा पत्ता कुठेच नव्हता. सगळे तिला काकी म्हणत. तेवढं पुरे.

फ्लेक्स पाहिल्याच्या तिसऱ्या दिवशी मी दुखवट्याला गेले. इतक्या वर्षांच्या ओळखीत तिच्या घरात पाऊल टाकायची ही माझी पहिलीच वेळ. आम्ही समुपदेशकांनी रुग्णाच्या घरी जायचं नाही, हा नियम आम्हांला तिनंच घालून दिलेला. ओटीवर बायका बसल्या होत्या. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईनं, तिच्या जावेनं, मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, “तुमी कंच्या?” मी म्हणाले, “बचत गटातली.” मयताच्या घरी शिरताना तोंडातून पहिला शब्द खोटा निघाला. मुलीनं मला ओळखलं. लहानपणी ती आईचा पदर धरून आमच्या बाकावर बसायची. तिनं एकदा पाहिलं आणि नजर फिरवली. शेजारी तिची सासू होती. “आयला कावील झालेली,” मुलगी म्हणाली. ते मला नव्हतं, सगळ्यांना होतं. मी “हो का” म्हणाले. निघताना चपला घालत होते तेव्हा ती तांब्या घेऊन बाहेर आली आणि पाणी ओतता ओतता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “मावशी, मी फोन करते. हितं नको.”

काकी पहिल्यांदा आमच्या दारात उभी राहिली तेव्हा एचआयव्हीची औषधं सरकारकडून फुकट मिळायला लागून फार दिवस झाले नव्हते. घरची मिठागरं प्रकल्पात गेली तेव्हा नवऱ्यानं ट्रेलर घेतला आणि तो बंदरावरचे कंटेनर देशभर नेऊ लागला. त्याला औषध मिळालं नाही. त्याच्या आजाराला नाव मिळालं तोवर तो गेलाच होता. ही त्याच्या मागून आली ती हाडं आणि डोळे एवढीच. आमच्याकडे आलेलं माणूस पहिल्यांदा विचारतं, मी किती दिवस जगेन? हिनं ते विचारलं नाही. चार वर्षांच्या पोरीला पुढे ढकललं आणि म्हणाली, “हिला हाय काय, तेवढा सांग.” पोरीची तपासणी झाली, आणि तिला नव्हता. मी सांगितलं तेव्हा काकी जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडली. मग पदरानं तोंड पुसून उठली. “आता दे तुज्या गोल्या. आता मना जगायचाय.” मी तेव्हा नोकरीत नवी होते. प्रशिक्षणात आम्हांला रुग्णाला धीर कसा द्यायचा ते शिकवलं होतं. रुग्णानं आपल्याला धीर दिला तर काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

त्या गोळ्या तिनं सासरच्या भरल्या घरात वर्षानुवर्षं कुणाला न कळता घेतल्या. डबी वाजू नये म्हणून आत कापूस भरायचा, बाहेरचा कागद ओला करून खरवडून काढायचा, आणि डबी शिकेकाईच्या डब्यात ठेवायची, कारण त्या घरात शिकेकाई वापरणारी ती एकटीच. पुढे ती नव्या बायकांना हे सगळं शिकवायची. मी समोर बसून व्यवस्थित माहिती द्यायचे की गोळी रोज घ्या, ठरल्या वेळी घ्या, बरं वाटलं म्हणून सोडू नका. बाई मान डोलवायची. मग काकी तिला बाजूला घेऊन हळूच विचारायची, “ठेवशील कुठं?” खरा प्रश्न तो होता. माझ्या तासाभराच्या कीर्तनापेक्षा तिच्या दोन शब्दांनी माणसं औषधावर टिकली. हे मी तेव्हा कबूल केलं नाही, थोडी जळायचेच तिच्यावर.

या आजारात आता औषध देणं सोपं झालं आहे. अवघड आहे ते माणूस पुन्हा पुन्हा येणं. गोळी रोज पोटात गेली तर माणूस तुमच्याआमच्यासारखा म्हातारा होतो. थांबवली की आत दबून बसलेला विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून दर महिन्याला आमच्याकडे गैरहजरांची यादी निघते आणि त्यांना शोधायला कुणीतरी गावोगाव जातं. काकीच्या आधी हे काम करणारे गळ्यात ओळखपत्र अडकवून जात. दुपारी माणूस दारात, संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला खबर. काकी एका संस्थेतर्फे या कामाला लागली तेव्हा तिनं ओळखपत्र माझ्या टेबलाच्या खणात टाकलं. “ह्ये तुज्याकडंच ठेव गो बाय. मी स्थल घेऊन जाते.”

आमच्याकडे स्थळ घेऊन आलेल्या बाईला कुणी ‘का आलीस’ असं विचारत नाही. पाणी येतं, चहा येतो, मागून पोहे येतात, आणि माहिती तर न मागता येते. मुलगा कुठे असतो? सध्या मुंब्र्याला भावाकडे. तब्येत कशी आहे? जरा उतरलाय, पण खाऊन पिऊन होईल ठीक. पोह्यांची बशी रिकामी होईपर्यंत काकीला कळलेलं असायचं की हा गोळ्या सोडून बसला आहे, कुठे बसला आहे आणि घरात कुणाला ठाऊक आहे. मग ती मुलगा बघायच्या निमित्तानं त्याला एकट्याला गाठायची. यादीत बाई असली तर तिच्या नणंदेसाठी स्थळ, म्हातारा असला तर त्याच्या नातवासाठी. किनाऱ्यावरच्या मुसलमान मोहल्ल्यांत हे चालत नसे. तिथे ती घरचा मसाला विकायला जाई. आखाती नोकरीवरून अचानक परत आलेल्या एकाला शोधताना त्याच्या खालाला, म्हणजे मावशीला, तिचा मसाला इतका आवडला की पोरगा औषधावर परत आला तरी मसाल्याची मागणी काही थांबेना.

एकदा मात्र गंमत अंगाशी आली. डंपर चालवणारा एक तरुण चार महिने गायब होता. काकी नेहमीप्रमाणे स्थळ घेऊन गेली, आणि त्याच्या आईला ते स्थळ भलतंच पसंत पडलं. आठवड्याच्या आत ती माउली नारळ, साखर घेऊन दोन नणंदांसकट काकीच्या दारात हजर! “पोर दाखवा.” पोर असेल तर दाखवणार ना. काकीनं डोक्याला हात लावला आणि सांगितलं की पोरीनं कालच घोळ घातला, शेजारच्या पोराबरोबर पळाली. ती माउली अर्धा तास काकीचं सांत्वन करून गेली. दुसऱ्या दिवशी हा किस्सा सांगताना काकी इतकी हसली की बाकावरचे रुग्णही काही न कळता हसायला लागले. पोरगा औषधावर परत आला, आणि पुढे काकीनं त्याचं लग्न खरोखरच जमवलं, आमच्याच केंद्रात औषध घेणाऱ्या एका मुलीशी. त्यांचं बाळ निरोगी आहे. त्या लग्नात आम्ही दोघी पंगतीला बसलो होतो. कुणाकडच्या म्हणून, ते आम्हांलाही ठरवता आलं नाही.

पण त्या यादीतून ती नुसती जिवंत माणसं आणत नव्हती. बऱ्याच जुन्या नावांपुढे आम्ही ‘संपर्क नाही’ असं लिहून मोकळे झालो होतो. तिनं ती घरं पालथी घातली. कुणी आपणहून मुंबईत जाऊन दुसऱ्या नावानं औषध घेत होतं. कुणी भगताच्या नादी लागून सगळं सोडलं होतं. आणि बरेच जण गेले होते. कुणाच्या घरी फोटोला हार होता, कुणाच्या घरी तोही नव्हता. तिनं ती सगळी नावं आणून दिली आणि आम्ही नोंदी दुरुस्त केल्या. पुढच्या आढावा बैठकीत वरून आलेले साहेब चिडले. एकाच तिमाहीत मृत्यू एवढे कसे वाढले? मागच्या रांगेतून काकी म्हणाली, “वाढलं नाय सायब. ती आदीच मेलेली. आपल्याला आता कललं.” साहेबांना उत्तर आवडलं नाही. पण गरीब देशांतल्या या आजाराच्या अहवालांतलं जे गुपित आहे ते तिनं त्या एका वाक्यात सांगितलं होतं. जे हरवले ते मेलेल्यांत मोजले जात नाहीत, म्हणून कागदावर आपण बरे दिसतो. चहाच्या वेळी मी तिला म्हणाले, जरा जपून बोलायचं. ती म्हणाली, “मेल्याला मेला लिवायला घाबरायचा कशाला? त्याला आता कोन काय करनार हाय?”

टाळेबंदीत चक्रीवादळ आलं तेव्हाची तिची एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दिवेआगरच्या वाड्यांमध्ये नारळी-पोफळी आडव्या झाल्या होत्या, फोन बंद होते, आणि तिकडच्या आमच्या रुग्णांच्या गोळ्या संपत आल्या होत्या. काकी पिशवीत पुड्या घेऊन आगरदांड्याला गेली, जेट्टीवर हात जोडून दिघीला जाणाऱ्या बोटीत शिरली आणि तिथून पुढे मिळेल त्या वाहनानं दिवेआगरला पोचली. ताडपत्री वाटणाऱ्या लोकांबरोबर घरोघर फिरली. एका म्हाताऱ्या वाडीवाल्याच्या घरावर माड पडला होता आणि त्याच्या गोळ्या कौलांखाली गेल्या होत्या. तो मोडलेल्या वाडीकडे बघत म्हणाला की आता जगून तरी काय करायचं. काकीनं त्याच्या हातावर गोळी ठेवली आणि त्यानं ती गिळेपर्यंत समोर उभी राहिली. म्हणाली, “रोपं लावा. धरायला लागतील तवर तुमाला ऱ्हायाला नको काय?” तो अजून आहे. परवा येऊन काकीची चौकशी करून गेला आणि मी त्याला काही सांगू शकले नाही.

आणि मग एक स्थळ तिच्याच घरी आलं. मुलगी शिकलेली, एका खाजगी कंपनीत कारकून. मुलाच्या घरी दोन ट्रेलर, माणसं साधी. मुलगा मुलीला आवडलाही होता. एका सकाळी काकी आली आणि दार लावून घेतलं. मुलाची चुलती आमच्याच रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर बसते, असं तिला समजलं होतं. त्या खिडकीतून आमचं दार सरळ दिसतं. मी म्हणाले, सांगून टाकू या का मुलाला? मुलीला तर काही नाही. काकी माझ्याकडे बघत राहिली. “स्थलाची चौकशी कशी करतात ते मना शिकवतेस? जल्म गेला माजा त्याच्यात.” मग म्हणाली, “मना बदली दे.” म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात औषध घ्यायला पत्र. असं अनेक जण मागतात, त्यात गैर काही नाही. मी पत्र भरलं, डॉक्टरांनी सही केली. तिनं संस्थेचं कामही सोडलं. लग्नाची गडबड, एवढंच सगळ्यांना सांगितलं.

बदलीचा नियम साधा आहे. रुग्ण नव्या केंद्रात पोचला की तिथून पोच घ्यायची, आणि मगच त्याच्या नावापुढे ‘बदली’ असा शेरा मारून ओळ बंद करायची. दुसरं कुणी असतं तर मी त्या केंद्राला फोन केला असता. मी फोन केला तो काकीला. “पोचलीस का गं?” ती म्हणाली, “पोचले. गोल्या पन घेतल्या. हितली मॅडम तुज्यावानी बडबडी नाय.” मी हसले, आणि हसता हसताच शेरा मारला. काकीची खात्री कसली करायची! हरवलेल्यांना हुडकणारी बाई ती. एकदा ओळ बंद झाली की ते नाव माझ्या गैरहजरांच्या यादीत येत नाही, आणि नव्या केंद्रात माणूस पोचलाच नसेल तर त्यांच्याही यादीत येत नाही. अशा माणसाला शोधायला कुणीही निघत नाही. हे काकीला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

लग्नाला तिनं मला बोलावलं नाही. “तू येऊ नको गो बाय,” असं स्वच्छ सांगितलं. मला ते समजत होतं आणि तरी लागलं. त्यानंतर फोन कमी झाले. शेवटची भेट अलिबागच्या एसटी स्टँडवर, अगदी अचानक. गालफडं बसली होती, ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. मी विचारलं, तर म्हणाली, “शुगर निघाली. डाक्टरनं भात बंद केलाय.” आगरी बाईचा भात बंद, म्हणजे आता तुझं काही खरं नाही, असं म्हणून मी तिची चेष्टा केली. तीही हसली. मग खोकला आला, तिनं तोंड फिरवलं... आणि तेवढ्यात माझी गाडी लागली. माणूस बारीक झाला, खोकतो आहे, हे बघूनच ओळखायचं, हे काम मी अर्धं आयुष्य करते आहे. समोरची बाई काकी नसती तर मी ती गाडी सोडून दिली असती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी लोकांना कितीदा ऐकवली असेल!

मुलीचा फोन दुखवट्यानंतर आठ दिवसांनी आला. आवाज दबलेला होता, मागे नळ सोडून ठेवलेला. ट्रंक आवरताना तिला बदलीचं पत्र सापडलं होतं, तसंच्या तसं, घडीही न मोडलेलं. “ती तिकडं गेलीच नाय मावशी.” का गेली नाही, ते आता कळणार नाही. कदाचित तिथेही नात्यातलं कुणीतरी निघालं असेल. कदाचित लग्न पार पडू दे, मग बाळंतपण होऊ दे, मग बारसं, असं करत करत दिवस पुढे ढकलले असतील. “माज्या बालंतपनाला ती चार महिने आमच्यात होती,” मुलगी म्हणाली. “एकदा पन गोली खाताना नाय दिसली. मना वाटला, लपून खाते. लपवायला ती हुशारच.” गोळ्या सुटल्यावर टीबीनं गाठलं आणि तो मेंदूत गेला, हे कळलं अगदी शेवटी. खाजगी डॉक्टरनं आधी ताप म्हणून, मग कावीळ म्हणून औषधं दिली, आणि काकीनं त्याला एका शब्दानं खरं सांगितलं नाही. मुलीलाही सांगू दिलं नाही. शुद्ध जाईपर्यंत लेकीचं मनगट धरून होती.

मला तिचा राग आला. अजून आहे. इतक्यांना ‘ठेवशील कुठं’ विचारणाऱ्या बाईला स्वतःच्या गोळीसाठी जागा मिळू नये? मला एक फोन करता येऊ नये? मी पुड्या बांधून एसटी स्टँडवर दिल्या असत्या, तिच्या मसाल्याच्या डब्यातून पाठवल्या असत्या. रागाच्या भरात मी तिच्याशी मोठ्यानं भांडलेही आहे, एकटी असताना. आणि प्रत्येक भांडणाच्या शेवटी तो शेरा समोर येतो, माझ्या अक्षरातला.

तो शेरा बदलायचा, तर मृत्यूची माहिती भरावी लागते. त्यासाठी केंद्राचं माणूस घरी जातं, नातेवाइकाला प्रश्न विचारतं. मी मुलीला फोनवर तसं सांगितलं. ती म्हणाली, “घरी कोन आला तर माजा काय ऱ्हाईल मावशी?” मी म्हणाले, मग राहू दे, थांबू या. आणि थांबण्यात मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे. तिच्या संसाराची काळजी मला होतीच. पण त्या काळजीच्या मागे मी स्वतः लपले होते. शेरा बदलला असता तर पोच न घेता तो मारला कुणी, हेही उघड झालं असतं. मधल्या काळात तिमाही अहवाल गेला. त्यात काकी बदली झालेल्यांत होती, म्हणजे दुसरीकडे कुठेतरी गोळ्या घेत जिवंत. आढाव्यात आमच्या केंद्राचं कौतुक झालं. मी टाळ्या वाजवल्या.

गेल्या महिन्यात, लसीकरणाच्या दिवशी, काकीची मुलगी आली. कडेवर नऊ-दहा महिन्यांचं बाळ. मी माझ्या दारातून पाहिलं तर ती केसपेपरच्या खिडकीशी उभी होती आणि आतून तिची चुलतसासू बाळाचे गाल ओढत होती. लस टोचून झाली. मला वाटलं ती तशीच घरी जाईल. ती वळली आणि सगळा व्हरांडा चालून सरळ आमच्या दारात आली. खिडकीतून कुणी बघत होतं की नाही, ते तिनं मागे वळून पाहिलं नाही. आत येऊन आईसारखीच आधी दार लावून घेतलं. “काय विचारायचा ते हितंच विचारा,” म्हणाली. “घरी कोन नको.”

मी कागद काढला. प्रश्न सरळ होते. शेवटची गोळी कधी घेतली? ताप कधीपासून? शेवटी उपचार कुठे? ती पाठ केल्यासारखी सांगत होती आणि बाळ तिची बांगडी चावत होतं. मग आला तो प्रश्न, रुग्णानं उपचार थांबवण्याचं कारण. खाली छापलेल्या चौकटी होत्या: अंतर, औषधाचा त्रास, स्थलांतर, बरं वाटलं म्हणून, इतर. मी त्या वाचून दाखवल्या. ती म्हणाली, “ह्यातला कायच नाय.” मग म्हणाली, “माजा लगीन लिवा.”

“असं लिहिता येत नाही गं,” मी म्हणाले.

“मग काय येतं लिवता?” तिचा आवाज चढला. “तिला अंतर नव्हता, तरास नव्हता. माज्या लग्नासाटी सोडल्यान. तेच लिवा.”

मी ‘इतर’वर खूण केली आणि पुढे लिहिलं: मुलीचे लग्न. खाली, माझ्या बाजूनं, पोच न घेता शेरा मारल्याचं लिहिलं आणि सही केली. मुलगी ते वाचत होती. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, पण क्षमेनंही नाही. तेवढं माझ्या वाट्याचं होतं.

शेवटची ओळ होती माहिती देणाऱ्याचं नाव आणि सही. मी म्हणाले, हे कोरं सोडलं तरी चालतं, बरेच जण सोडतात. नुसतं ‘नातेवाईक’ लिहू. तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि पेन मागितलं. मला वाटलं, फार तर ‘मुलगी’ लिहील. तिनं आधी स्वतःचं नाव लिहिलं, मग नवऱ्याचं, आणि मग सासरचं आडनाव, सावकाश, शाळेत पहिल्या पानावर लिहितात तसं. ज्या आडनावाला धक्का लागू नये म्हणून तिच्या आईनं गोळ्या सोडल्या होत्या, तेच. सही करून तिनं कागद माझ्याकडे सरकवला, बाळ घेतलं आणि दार उघडून, खिडकीच्या समोरून, चालत गेली.